बाहुली विस्फारणारे नेत्रबिंदू : विष, कसोटी आणि साधन

डोळ्यांची तपासणी करण्यापूर्वी रोग्याच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालून त्यास काही वेळ बसवून ठेवतात, हा प्रकार आज इतका परिचित झाला आहे की त्यालाही काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. त्या थेंबांनी डोळ्याची बाहुली विस्फारते, उजेड सहन होईनासा होतो, जवळचे अक्षर अस्पष्ट दिसते. वैद्यास मात्र डोळ्याचा अंतर्भाग दिसू लागतो. रोग्याची दृष्टी काही काळ मंद करून वैद्याची दृष्टी तीक्ष्ण करणारे हे औषध मूळचे विष आहे. ह्या विषाचे साधन कसे झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

ह्या विषयावरील प्रचलित लेखनात एक ठरावीक मांडणी आढळते. व्हेनिसच्या स्त्रिया सौंदर्यासाठी बेलाडोनाचा रस डोळ्यांत घालीत. पुढे शास्त्रज्ञांनी त्याचा गुण ओळखला. आणि मग ते औषध वैद्यकात आले, असा तो सरळ क्रम होय. ही मांडणी दोन कारणांनी अपुरी आहे. एक तर तिचा आरंभबिंदूच संशयास्पद आहे. दुसरे असे की, एखादी घटना दिसणे आणि तिचा उपयोग करता येणे ह्यांतील अंतर ती पुसून टाकते. विषबाधा झालेल्या माणसाची बाहुली विस्फारते हे अनेक देशांतील लोकांच्या दृष्टीस शतकानुशतके पडत होते. तथापि त्या विस्फारलेल्या बाहुलीचे करावयाचे काय, हा प्रश्न ज्या ज्या वेळी नव्याने निर्माण झाला, त्या त्या वेळीच ह्या औषधाच्या इतिहासाने वळण घेतले. अशी तीन वळणे प्रामुख्याने दाखविता येतात. पहिल्या वळणावर ते शस्त्रवैद्याचे साहाय्य झाले, दुसऱ्यावर विषाची कसोटी झाले, आणि तिसऱ्यावर डोळ्यात डोकावण्याचे साधन झाले.

१. नाव आणि आख्यायिका

प्रथम सर्वांत जुन्या उल्लेखाकडे वळू. इ. स. ७९ मध्ये मरण पावलेला रोमन ग्रंथकार प्लिनी ह्याने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात ‘अनागॅलिस’ नावाच्या वनस्पतीच्या रसाने बाहुली विस्फारते व म्हणून मोतीबिंदूवर सुई चालविण्यापूर्वी तो डोळ्यास लावतात, असे नमूद केले आहे. आज अनागॅलिस ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतीत असा गुण नाही. तेव्हा प्लिनीचा उल्लेख नावाच्या घोटाळ्यातून आला असावा, किंवा त्याला अभिप्रेत असलेली वनस्पती निराळी असावी. काहीही असले तरी शस्त्रकर्मापूर्वी बाहुली विस्फारावी ही कल्पना प्राचीन आहे, एवढे ह्यावरून निश्चित होते. ती कल्पना अखंड परंपरेने पुढे आली असे मात्र म्हणता येत नाही.

बेलाडोना ह्या इटालियन नावाचा अर्थ ‘सुंदर स्त्री’ असा आहे. सोळाव्या शतकातील वनस्पतिवेत्ता मॅटिओली ह्याच्या लेखनात हे नाव आढळते. नावाचा संबंध सौंदर्यप्रसाधनाशी असणे संभवनीय आहे. परंतु ते प्रसाधन डोळ्यांत घालण्याचे होते की चेहऱ्यास लावण्याचे होते, ह्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पुढील लेखकांनी डोळ्यांची कथाच उचलून धरली, कारण ती औषधाच्या नंतरच्या उपयोगाशी सोयीस्करपणे जुळत होती. परिणाम आधी ठाऊक असला की कारणाची आख्यायिका कशी रचली जाते, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे. ह्याच वनस्पतीला १७५३ मध्ये लिनीयसने ‘अट्रोपा बेलाडोना’ हे शास्त्रीय नाव दिले. अट्रोपोस ही ग्रीक पुराणकथांतील आयुष्याचा धागा कापणारी देवता. सौंदर्य आणि मृत्यू हे दोन्ही अशा रीतीने एकाच नावात आले. नेत्रवैद्यकाचा त्यात कोठेही उल्लेख नाही.

२. गोव्यातील धोतरा

बेलाडोनाच्याच कुळातील धोतरा आपल्या देशात सर्वत्र उगवतो. सुश्रुतसंहितेत पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील उपचारांत धत्तूराचा उल्लेख आहे. म्हणजे त्याचा औषधी व विषारी गुण येथे फार पूर्वीपासून परिचित होता. युरोपीय वाचकांना धोत्र्याच्या विषबाधेचे वर्णन प्रथम ज्या ग्रंथांतून मिळाले, त्यांतील एक प्रमुख ग्रंथ गोव्यात छापला गेला. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये भारतात आला व गोव्यात स्थायिक झाला. मुंबईचे बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. १५६३ मध्ये त्याने भारतातील औषधी द्रव्यांवर संवादरूप ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील एक संवाद धोत्र्यावर आहे. घरातील नोकरांनी अन्नातून धोतरा द्यावा, खाणाऱ्याचे भान हरपावे, त्याने हसत राहावे आणि तेवढ्यात दागिने लुबाडले जावेत, असा प्रकार त्यात वर्णिला आहे. गोव्यात काही वर्षे राहिलेल्या लिन्स्खोटेन ह्या डच प्रवाशानेही १५९६ च्या आपल्या प्रवासग्रंथात धोत्र्याच्या अशाच गैरवापराची हकीकत दिली आहे.

ह्या वर्णनांचा भर वर्तनावर आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. भ्रम, हसू, विस्मृती ह्या गोष्टी निवेदनाला रंग चढवितात; डोळ्याची बाहुली ही त्या मानाने सूक्ष्म गोष्ट होय. एकोणिसाव्या शतकात नॉर्मन चेव्हर्स ह्याने बंगाल व वायव्य प्रांतांसाठी लिहिलेल्या न्यायवैद्यकावरील १८५६ च्या ग्रंथात धोत्र्याच्या विषप्रयोगांची विस्तृत चर्चा केली, तोपर्यंत वैद्यकाची दृष्टी पालटली होती. आता रोग्याच्या बडबडीइतकेच त्याच्या डोळ्यांकडेही पाहिले जाऊ लागले होते. ही दृष्टी कोठून आली हे समजण्यासाठी युरोपातील शस्त्रवैद्यांकडे वळणे अवश्य आहे.

३. शस्त्रवैद्याची गरज

मोतीबिंदूवरील जुनी शस्त्रक्रिया म्हणजे सुईने गढूळ भिंग ढकलून बाहुलीच्या मार्गातून दूर करणे. ही पद्धती भारत, अरबस्तान व युरोप येथे शतकानुशतके रूढ होती. झाक दाव्हिएल ह्या फ्रेंच शस्त्रवैद्याने १७४७ मध्ये डोळ्यास छेद देऊन भिंग बाहेर काढण्याची रीत अवलंबिली व १७५३ मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. भिंग ज्या द्वारातून बाहेर यावयाचे ते द्वार म्हणजे बाहुली. द्वार अरुंद असेल तर भोवतालच्या रंगीत पडद्यास इजा होते. अशा रीतीने बाहुलीचा आकार ही शस्त्रक्रियेची व्यावहारिक अडचण बनली, आणि तेव्हाच बेलाडोनाच्या गुणाकडे शस्त्रवैद्यांनी गांभीर्याने पाहण्यास प्रारंभ केला.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॅम्बर्गचा वैद्य रायमारुस ह्याने बेलाडोनाचा असा उपयोग सुचविला. विजेपासून इमारतींचे रक्षण करणाऱ्या सळईचा पुरस्कार करणारा म्हणूनही हा गृहस्थ प्रसिद्ध आहे. तथापि ह्या प्रयोगास पद्धतीचे रूप दिले ते कार्ल हिमली ह्याने. १८०० च्या सुमारास त्याने बेलाडोना व खुरासानी ओवा ह्यांच्या अर्कांनी बाहुली विस्फारण्याचा पद्धतशीर अभ्यास केला व नेत्ररोगांत त्यांचा वापर करण्याचा आग्रह धरला. हिमलीचे महत्त्व नव्या गुणाच्या शोधात नाही. केवळ योगायोगाने दिसणारा परिणाम हवा तेव्हा, हव्या त्या डोळ्यात घडवून आणता येतो, हे त्याने दाखविले. विषाच्या लक्षणाचे औषधाच्या क्रियेत रूपांतर झाले ते येथे.

४. मांजराचा डोळा

दुसरे वळण रसायनशास्त्रातून आले. फ्रीडलिब फर्डिनांड रुंगे हा तरुण औषधालयात उमेदवारी करीत असता खुरासानी ओव्याच्या रसाचा थेंब त्याच्या डोळ्यात उडाला व त्याची दृष्टी धूसर झाली. पुढे येना येथे वैद्यकाचा अभ्यास करताना त्याने ह्या अनुभवास शास्त्रीय रूप दिले. १८१९ च्या त्याच्या प्रबंधाचा विषय बेलाडोना, धोतरा व खुरासानी ओवा ह्यांचे विष ओळखण्याची नवी रीत हा होता. रीत साधी होती: संशयास्पद द्रवाचा थेंब मांजराच्या डोळ्यात घालावा, बाहुली विस्फारली तर विष आहे असे समजावे. मांजराची बाहुली उजेडात अरुंद फटीसारखी होत असल्यामुळे तिच्यातील फरक चटकन डोळ्यांत भरतो. त्याच वर्षी रुंगेने एक डोळा विस्फारलेले मांजर गटेपुढे नेऊन हा प्रयोग दाखविला. प्रसन्न झालेल्या कविश्रेष्ठाने त्यास कॉफीचे दाणे देऊन त्यांचे पृथक्करण करण्यास सुचविले, आणि त्यातून कॅफीनचा शोध लागला, ही हकीकत रसायनशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे.

कॅफीनच्या ह्या कथेमुळे रुंगेच्या मूळ कल्पनेकडे काहीसे दुर्लक्ष झाले आहे. त्या काळी वनस्पतिज विषे शरीरात शोधून काढण्याची भरवशाची रासायनिक परीक्षा उपलब्ध नव्हती. रुंगेने जिवंत डोळ्यासच परीक्षानळीचे स्थान दिले. पुढे १८३१ ते १८३३ ह्या काळात माइन, आणि गायगर व हेसे ह्यांनी बेलाडोनातील क्रियाशील द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्यास अॅट्रोपिन हे नाव मिळाले. अर्काच्या तीव्रतेत वनस्पतीगणिक पडणारा फरक त्यामुळे संपला व मोजून मापून तयार केलेले थेंब देणे शक्य झाले.

मांजराच्या डोळ्याची कसोटी भारतात विशेष उपयुक्त ठरली. वाटसरूंना धोतरा देऊन लुटण्याचे गुन्हे येथे वारंवार घडत असल्यामुळे सरकारी रासायनिक परीक्षकांपुढे असे नमुने येत. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन करणारे व मुंबई सरकारचे रासायनिक परीक्षक असलेले आय. बी. लायन ह्यांचा भारतीय न्यायवैद्यकावरील ग्रंथ १८८९ च्या सुमारास निघाला, तो ह्या विद्येच्या येथील स्थापनेचा एक टप्पा होय. मात्र कसोटीची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. बेलाडोना, धोतरा व खुरासानी ओवा ह्या तिन्हींतील द्रव्ये परस्परांशी इतकी जवळची आहेत की बाहुली ‘विष आहे’ एवढेच सांगते. ‘कोणते विष’ हे सांगत नाही. त्यामुळे ओकारीत वा अन्नात सापडलेल्या बियांची ओळख पटविणे हाही पुराव्याचा महत्त्वाचा भाग राहिला. धोत्र्याचे बी आणि मिरचीचे बी ह्यांतील भेद भारतीय न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत तपशिलाने दिलेला आढळतो, त्याचे कारण हेच. स्वयंपाकघरातील रोजच्या जिन्नसाशी असलेले हे साम्य गुन्हेगारास जितके सोयीचे होते, तितकेच परीक्षकास अडचणीचे होते.

५. डोळ्याचे गवाक्ष

बाहुली ही डोळ्याची खिडकी आहे असे आपण सहज म्हणतो. परंतु १८५० पर्यंत जिवंत मनुष्याच्या ह्या खिडकीतून आत पाहणे वैद्यास शक्य नव्हते. बाहुली सदैव काळीच दिसे. डोळ्यात शिरलेला प्रकाश ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने परत येतो. तो टिपावयाचा तर पाहणाऱ्याला आपला डोळा दिव्याच्याच जागी ठेवावा लागेल, आणि तसे करताच दिव्याचा प्रकाश अडतो. क्योनिग्सबर्ग येथे शरीरक्रियाविज्ञानाचे अध्यापन करणाऱ्या हेल्महोल्ट्सने काचेच्या तिरप्या पट्ट्यांच्या साहाय्याने ही अडचण दूर केली. पट्ट्यांवरून प्रकाश परावर्तित होऊन डोळ्यात जाई, आणि परतणारा प्रकाश त्यांतूनच आरपार पाहता येई. ६ डिसेंबर १८५० रोजी बर्लिनच्या भौतिकी मंडळापुढे त्याने ह्या उपकरणाची माहिती दिली व १८५१ मध्ये त्यावरील पुस्तिका प्रसिद्ध केली. डोळ्याच्या मागील बाजूचे दृक्पटल, त्यावरील रक्तवाहिन्या व मज्जातंतूचे मुख ही सर्व प्रथमच जिवंत अवस्थेत दिसू लागली.

येथे एक नवा विरोध उत्पन्न झाला. आत पाहण्यास प्रकाश हवा, पण प्रकाश पडताच बाहुली आकुंचन पावते. पाहण्यासाठी आवश्यक असलेली गोष्टच पाहण्याचे द्वार लहान करीत होती. अॅट्रोपिनच्या थेंबांनी हा विरोध मिटविला. हिमलीच्या हाती जे शस्त्रक्रियेपुरते साहाय्य होते, ते आता निदानाचे साधन झाले. त्यासाठी नवे द्रव्य शोधावे लागले नाही, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. द्रव्य जुनेच होते. नवा होता तो प्रश्न. बर्लिनचा आल्ब्रेख्त फोन ग्रेफे आणि त्याच्या समकालीनांनी ह्या उपकरणावर नेत्रवैद्यकाची नवी शाखाच उभी केली. मधुमेही रोग्याच्या दृक्पटलावरील बदलांचे वर्णन व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगरने १८५० नंतरच्या दशकातच केले. ज्या तपासणीसाठी आज मधुमेही रोग्यांस नियमितपणे हे थेंब घालावे लागतात, तिचा आरंभ असा उपकरणाच्या शोधापाठोपाठच झालेला आहे.

थेंबांचा दुसरा परिणामही ह्याच काळात नीट समजला. विल्यम चार्ल्स वेल्स ह्याने १८११ मध्येच प्रयोगान्ती दाखविले होते की बेलाडोनाने बाहुली तर विस्फारतेच, शिवाय जवळच्या वस्तूवर दृष्टी स्थिर करण्याची डोळ्याची शक्तीही नाहीशी होते. उट्रेख्टच्या डोंडर्सने ह्या दोषातच गुण पाहिला. ती शक्ती थेंबांनी थांबविली म्हणजे डोळ्याचा मूळचा दृष्टिदोष लपून राहत नाही, ही गोष्ट त्याने आपल्या संशोधनात उपयोगात आणली. ते संशोधन १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. लहान मुलांना चष्म्याचा क्रमांक देण्यापूर्वी औषध घालण्याची आजची पद्धत ह्याच विचारावर उभी आहे.

६. धोका आणि उतारा

साधन प्रभावी असले की त्याचे अनिष्ट परिणामही उघड होतात. बाहुली विस्फारल्यामुळे काही डोळ्यांत द्रवाच्या निचऱ्याचा मार्ग अडतो व काचबिंदूचा तीव्र झटका येतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यांच्या ध्यानात आले. त्याच सुमारास विरुद्ध क्रिया करणारे द्रव्य हाती आले, आणि तेही विषच होते. पश्चिम आफ्रिकेतील जुन्या कॅलाबार प्रदेशात आरोपीच्या अपराधाची परीक्षा करण्यासाठी एक विषारी दाणा खाऊ घालीत. एडिंबरोच्या टॉमस फ्रेझरने १८६२ मध्ये त्याच्या अर्काने बाहुली आकुंचन पावते असे दाखविले, आणि १८६३ मध्ये आर्गाइल रॉबर्टसनने नेत्रवैद्यकात त्याचा वापर केला. १८६४ मध्ये प्रागच्या क्लाइनवेख्टरने अॅट्रोपिन प्यालेल्या कैद्यांवर हाच अर्क उतारा म्हणून दिला. १८७६ मध्ये लाक्वरने त्यातील द्रव्य काचबिंदूवर वापरले. धोत्र्याप्रमाणे ह्या दाण्याचीही वाट न्यायनिवाड्यापासून औषधापर्यंत गेली, हे साम्य लक्षणीय आहे.

दोन द्रव्ये परस्परांची क्रिया नाहीशी करतात, ह्या निरीक्षणाला औषधविज्ञानात मोठे स्थान मिळाले. पेशींवर अशी द्रव्ये ग्रहण करणारे काही घटक असले पाहिजेत, ही कल्पना केंब्रिजच्या लँगलीने १९०५ मध्ये स्पष्टपणे मांडली. १९२१ मध्ये ओटो लोवीने बेडकाच्या हृदयावरील प्रयोगाने मज्जातंतूंचा संदेश रासायनिक द्रव्याद्वारे पोचतो हे दाखविले. बाहुली आकुंचित करणाऱ्या स्नायूस हा संदेश अॅसिटिलकोलीन देते. अॅट्रोपिन त्याची जागा अडविते, म्हणून स्नायू शिथिल होतो व बाहुली विस्फारते. व्यवहारात शंभर वर्षांहून अधिक काळ वापरल्या गेलेल्या थेंबांचे कारण असे फार उशिरा कळले.

७. कालावधीचा प्रश्न

अॅट्रोपिनचा मोठा दोष म्हणजे त्याची चिकाटी. एकदा घातलेल्या थेंबांचा परिणाम आठवडा, कधी त्याहूनही अधिक दिवस टिकतो. डोळ्याच्या आतील दाहावर उपचार करताना हा गुण होय. पण केवळ तपासणीसाठी आलेल्या कारकुनास वा विद्यार्थ्यास तो शिक्षेसमान आहे. रोगी रुग्णालयात खाटेवर असे तोवर ही अडचण सहन होण्यासारखी होती. निरोगी दिसणाऱ्या माणसांचीही तपासणी होऊ लागली तेव्हा कालावधी हाच मुख्य प्रश्न बनला. लाडेनबुर्गने १८८० च्या सुमारास तयार केलेल्या होमॅट्रोपिनने तो एक ते तीन दिवसांवर आणला. १९५० नंतरच्या दशकात आलेल्या सायक्लोपेंटोलेटने तो सुमारे एका दिवसावर, आणि त्याच दशकाच्या अखेरीस आलेल्या ट्रॉपिकामाइडने काही तासांवर आणला. २०२३ मध्ये अमेरिकेत विस्फारलेली बाहुली लवकर पूर्ववत करणाऱ्या फेंटोलामिनच्या थेंबांना मान्यता मिळाली. विसाव्या शतकातील ह्या प्रगतीत परिणामाची तीव्रता वाढविण्याचा प्रयत्न फारसा नाही. रोग्याचा वेळ मौल्यवान आहे, ही जाणीव त्यामागे आहे.

उपसंहार

वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, ह्या औषधाचा एकच एक शोधक दाखविता येत नाही. बाहुली विस्फारते हे ज्यांनी पाहिले, ते हवे तेव्हा ज्यांनी घडवून आणले, आणि त्याचा नवा अर्थ ज्यांनी लावला, त्या व्यक्ती व ते काळ भिन्न आहेत. दुसरी गोष्ट आपल्या देशातील इतिहासलेखनाशी संबंधित आहे. धोत्र्याचा परिचय येथे प्राचीन काळापासून होता. त्यावरून आधुनिक नेत्रबिंदूंचा शोध आपणच प्रथम लावला असा दावा करणे, अथवा उलट, परिचय असूनही आपल्या पूर्वजांस त्याचे महत्त्व कळले नाही असा ठपका ठेवणे, हे दोन्ही सारखेच अनैतिहासिक आहे. युरोपातही ती विस्फारलेली बाहुली शतकानुशतके लोकांच्या डोळ्यांसमोर होती. छेदाची शस्त्रक्रिया येईपर्यंत व आत पाहण्याचे उपकरण निर्माण होईपर्यंत तिला विषाच्या लक्षणापलीकडे फारसे मोल आले नाही. द्रव्यांचा इतिहास लिहिताना ‘हे कोणास ठाऊक होते’ ह्या प्रश्नाइतकाच ‘ह्याची गरज कोणास होती’ हा प्रश्नही विचारला पाहिजे. औषधी वनस्पतींच्या आपल्याकडील जुन्या नोंदी ह्या दुसऱ्या प्रश्नाच्या प्रकाशात पुन्हा वाचल्या गेल्या, तर त्यांचा खरा अर्थ अधिक उलगडेल.